हायड्रॉलिक पाइप आणायला जाताना

बॅकहोचा (जेसीबीसारख्या खोदाईच्या मशीनचा) दाबाच्या तेलाचा पाइप फुटला की आपण पोराला 'असाच आण' म्हणून दुकानात पिटाळतो. आणलेला नेमका बोटभर आखूड निघतो.

१. पाइप काढण्याआधी मशीनवरच फोटो घ्या. दोन्ही टोकांच्या एल्बोची (वाकड्या जोडाची) तोंडं कुठे होती, हे नंतर कुणालाच आठवत नाही.
२. पाइपवरची छापील ओळ डिझेलच्या चिंधीने पुसून वाचा. आतला व्यास आणि वर्किंग प्रेशर तिथेच असतं. बाहेरच्या जाडीवर जाऊ नका; आत तारेच्या २ जाळ्या असलेला पाइप ४ जाळ्यांच्या जागी टिकत नाही.
३. मशीनच्या पाटीवरचा सीरियल नंबरही द्या, नुसतं मॉडेल नको.

पाइप सोडवण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवा, म्हणजे आत अडकलेला दाब उतरतो. गळती हाताने चाचपू नका, दाबाचं तेल कातडीत घुसतं.