लिनक्स संगणकावर हेडफोनचा आवाज क्षीण येत असल्यास

पडद्यावरील आवाजाची पट्टी १०० टक्क्यांवर असूनही हेडफोनमधून आवाज क्षीण येत असेल, तर साउंड कार्ड बिघडले असे लगेच मानू नये; प्रथम तोच हेडफोन मोबाइलला जोडून पाहावा आणि पिन जॅकमध्ये पूर्ण बसल्याची खात्री करावी.

लिनक्समध्ये दोष पुष्कळदा अल्साच्या, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या मूळ ध्वनी-यंत्रणेच्या, पातळ्यांमध्ये असतो. टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत द्यावी. सुरुवातीला बहुधा पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या प्रोग्रामची एकच पट्टी दिसते, म्हणून एफ६ कळ दाबून प्रत्यक्ष साउंड कार्ड निवडावे. ही पायरी गाळली, तर खरी पट्टी दिसतच नाही. त्यानंतर डाव्या-उजव्या बाणांनी ‘हेडफोन’ या पट्टीवर जावे, तिच्याखाली ‘एमएम’ दिसत असल्यास ती बंद आहे असे समजून एम कळ दाबावी आणि वरच्या बाणाने पातळी वाढवावी. ‘मास्टर’ आणि ‘पीसीएम’ या पट्ट्याही तपासाव्यात. पातळी वाढवताना हेडफोन कानांवरून काढून ठेवावा, कारण आवाज एकाएकी कानठळ्या बसवण्याइतका वाढू शकतो. बदल टिकवण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने ‘alsactl store’ ही आज्ञा द्यावी.

एवढे करूनही आवाज कमीच राहिला, तर हेडफोनचा रोध (इम्पिडन्स) पाहावा. ३२ ओहमच्या हेडफोनला साधे कार्ड सहसा पुरते. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र पुरेसा व्होल्टेज देणारा वेगळा अॅम्प्लिफायर जोडणेच योग्य.