उजेडाचे शब्द लिहिताना या चुका टाळा

बेळगावात पत्रिका आणि फलकांची मुद्रितं तपासतो. एक चूक रोज समोर येते: 'उज्वल भविष्य'. शब्द आहे उज्ज्वल. उत् + ज्वल, त्या 'त्'चा 'ज्' होतो, म्हणून ज दोन. 'प्रज्वलन'मध्ये मागे नुसता 'प्र' आहे, तिथे दुसरा ज येणार कुठून? १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाच्या फलकांवर दिसणारा 'जाज्वल्य'ही असाच, 'ज्व'मध्ये ज एकच.

एवढं फोडून सांगतोय, कारण एकदा अर्धवट सांगून पस्तावलोय. एका रौप्यमहोत्सवाची पत्रिका होती. 'उज्वल'वर लाल खूण करून संगणकावरच्या पोराला म्हटलं, "ज दोनदा घाल." त्यानं सगळ्या मजकुरात 'ज्व' काढून एका फटक्यात 'ज्ज्व' केलं. 'दीपप्रज्ज्वलन' आणि 'जाज्ज्वल्य परंपरा' सोनेरी शाईत पाचशे प्रतींवर उमटलं. विचारलं तर म्हणाला, "तुमीच सांगितलासा की ओ, सर." खरंच होतं ते, दुसरं मुद्रित मी बघायलाच हवं होतं. रात्री बसून सगळं पुन्हा छापलं. तेव्हापासून एकगठ्ठा बदल मी कुणालाही करू देत नाही. शब्द कडेला पेन्सिलीनं फोडायचा आणि एकेक जागा हातानं सुधारायची. नव्या पोरांना याचा कंटाळा येतो, पण यातली घाई मला अजिबात चालत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे सगळ्याला 'चमकणे' लावणं. 'समई चमकत होती' म्हटलं की मला घासलेलं पितळ दिसतं, ज्योत दिसत नाही. ज्योत तेवते. तेल सरत आलं की मिणमिणते. चांदणी लुकलुकते, उन्हात तलवार तळपते. चिंचेनं घासलेला तांब्या लखलखतो. इथल्या शहापूर-वडगावच्या मागावरून उतरलेल्या रेशमी साडीला मात्र तकाकी असते आणि तिचा जरीकाठ झगमगतो. मी आधी बघतो, उजेड त्या वस्तूचा स्वतःचा आहे की तिच्यावर पडलेला. मग क्रियापद बहुतेक आपोआप सापडतं.

'दैदिप्यमान' नव्हे, देदीप्यमान.

दीपावलीतला 'दी' दीर्घ. दिवा, दिवाळी आणि डोळे दिपणे यांतला 'दि' ऱ्हस्व.

आणि स्मरणिकेत 'कन्नड बेळगु म्हणजे उजळणे, त्यावरून बेळगाव' असं लिहून आणू नका. रट्ट राजांच्या शिलालेखांत हे गाव वेणुग्राम आहे, आणि वेणू म्हणजे बांबू.