मेथ सोडणाऱ्याला बक्षीस कसं द्यायचं: कॅलिफोर्नियाची २४ आठवड्यांची पद्धत

हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आहे. मेथॲम्फेटामाइन (थोडक्यात मेथ) या उत्तेजक अमली पदार्थासाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं एकही औषध नाही. नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र देऊन पाहिल्याची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. चारपैकी किमान तीन लघवी तपासण्या स्वच्छ, म्हणजे मेथ न सापडता, येणारे १३.६ टक्के निघाले, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या नकली डोसवर) २.५ टक्के. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

म्हणून कॅलिफोर्नियाने २०२३ पासून मेडी-कॅल या आपल्या सरकारी आरोग्य योजनेत वेगळा उपचार घेतला: लघवी स्वच्छ आली की तिथल्या तिथे गिफ्ट कार्ड. केंद्र सरकारकडून याची मंजुरी मिळवणारं ते पहिलं राज्य. मुळात ही पद्धत मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९९० च्या सुमारास कोकेनच्या रुग्णांवर बसवली. ‘ही तर लाच झाली’ हा आक्षेप तेव्हापासूनचा. पण मेथ मिनिटांत आणि हमखास सुख देतं, तर सोडण्याचे फायदे महिन्यांनी आणि ‘कदाचित’ मिळतात. बक्षिसाने ही तफावत थोडी भरून निघते. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्याने ही पद्धत नीट समजून घ्यावी अशी आहे, कारण ती बिघडते ती तपशिलातच.

वार ठरवणं

पहिले १२ आठवडे रुग्ण आठवड्यातून दोनदा येतो. दोन भेटींत किमान ७२ तास हवेत, म्हणून सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं. भेटी याहून जवळ आणल्या तर एकदाच घेतलेल्याची शिक्षा दोनदा होते, आणि मन लावून प्रयत्न करणारा नेमका तिथेच निघून जातो. लांब नेल्या तर मधलं सेवन सुटतं. पुढचे १२ आठवडे आठवड्याला एकच भेट.

रकमेचं गणित

पहिल्या आठवड्यात दर स्वच्छ तपासणीला १० डॉलर. पुढे सलग स्वच्छ राहिलेल्या प्रत्येक आठवड्याला दीड डॉलरची वाढ, म्हणजे बाराव्या आठवड्यात भेटीमागे २६.५०. एकही तपासणी चुकली नाही तर १२ आठवड्यांचे ४३८ डॉलर होतात. तेराव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला १५, मग तेविसाव्यापर्यंत १०, आणि शेवटच्या आठवड्यात २१. एकूण ५९९.

तपासणीत मेथ निघालं तर त्या दिवशी काही नाही आणि पुढची स्वच्छ तपासणी पुन्हा १० डॉलरपासून. न कळवता दांडी मारली तरी तेच. मात्र सलग दोन स्वच्छ आल्या की रुग्ण आपल्या आधीच्या टप्प्यावर परततो. समजा सहाव्या आठवड्यात १७.५० वर असताना घसरला. कायम दहावर अडकवलं तर त्याला परत चढण्यात रस उरत नाही. हा परतीचा नियम पैसे वाचवण्यासाठी गाळू नका.

भेट कशी असावी

सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. कप द्या, परत आला की आधी कपावरची तापमानपट्टी बघा. ताजी लघवी पहिल्या चार मिनिटांत ३२ ते ३८ अंश सेल्सियस असते. थंड कप म्हणजे बाहेरून आणलेली लघवी, नाहीतर पाणी घातलेलं. मग चाचणीची पट्टी उत्पादकाने सांगितलेल्या वेळीच वाचा. ही पट्टी ‘स्पर्धात्मक’ असते, म्हणजे अंश असला की रेघ उमटत नाही. तिच्यावर चाचणीची रेघ उमटली, फिकी का असेना, तर निकाल स्वच्छ. रेघ गायब म्हणजे अंश सापडला. नवखे इथे हमखास उलटं वाचतात, गर्भचाचणीच्या पट्टीची सवय असते. पट्टी चालते हे दाखवणारी नियंत्रण रेघच नसेल तर पट्टी बाद, नवी घ्या.

निकाल संगणकात भरला की रक्कम प्रणालीच काढते. हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. समुपदेशकाच्या हाती रक्कम ठरवणं आलं की ‘बिचारा आज फार रडला’ म्हणून कार्ड दिलं जातं, आणि दुसऱ्याला ते कळतंच. कार्डावर दारू, तंबाखू, गांजा, लॉटरी घेता येऊ नये. कार्ड त्याच भेटीत हातात पडलं पाहिजे. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हटलं की उपचारातला जीवच गेला.

स्वच्छ निकालाला मनापासून शाबासकी. घसरलेल्याला प्रवचन नको, फक्त ‘आलात हे बरं झालं, गुरुवारी भेटू’. पट्टीवर अफूवर्गीय पदार्थ दिसला तर बक्षीस कापायचं नाही, कारण करार मेथसारख्या उत्तेजकांपुरता आहे. पण फेंटानिल या अतितीव्र अफूवर्गीय पदार्थाबद्दल बोला आणि त्याच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा स्प्रे पिशवीत द्या.

सुरुवातीलाच सगळी औषधं लिहून घ्या. सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, रक्तदाबाचं लॅबेटालॉल आणि चक्क ब्युप्रोपिऑनही पट्टीला फसवू शकतात, मेथ नसताना आहे असं दाखवतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रुग्ण झोपून असतो, खा-खा खातो, फार खचतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे प्रत्येक भेटीत सरळ विचारा. छातीत दुखणं किंवा भ्रमासह अंग तापणं दिसलं तर पट्टी बाजूला ठेवून थेट रुग्णालय.

महाराष्ट्रात करायचं झालं तर

इथे ‘एमडी’ म्हणून विकलं जातं ते मेफेड्रोन. तेही उत्तेजकच, पण मेथची पट्टी ते पकडेलच असा भरवसा नाही. सगळे निकाल स्वच्छ येत राहतील आणि तुम्ही बक्षिसं वाटत राहाल. खोक्यावर मेफेड्रोनचं नाव असलेली पट्टीच मागवा, नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात निकाल उशिरा येतो, म्हणजे बक्षीसही उशिरा, हे लक्षात ठेवून भेटी आखा.

पैसे कमी असतील तर मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांची भांड्याची पद्धत परवडते: स्वच्छ तपासणीला भांड्यातून चिठ्ठी काढायची. ५०० चिठ्ठ्या: २५० वर नुसतं ‘शाबास’, २०९ वर लहान बक्षीस, ४० वर मध्यम, एकीवर मोठं. मूळ किमती १, २० आणि १०० डॉलर, म्हणजे एका चिठ्ठीचा सरासरी खर्च सव्वादोन डॉलरच्या आत. सलग स्वच्छ आल्या की चिठ्ठ्या वाढवत न्यायच्या. मोठं बक्षीस काचेच्या कपाटात समोर दिसेल असं ठेवा, आणि काढलेली चिठ्ठी लगेच भांड्यात परत टाका, नाहीतर मोठ्या बक्षिसाची चिठ्ठी एकदा निघाली की उरलेल्यांना त्याची आशाच राहणार नाही.