अंगोरा सशाची पिल्लं आणि लांब लोकर

कुलूसारख्या थंड भागात अंगोरा ससे पाळणाऱ्यांनी विण्याच्या वेळी जास्त जपावं. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा. 28व्या दिवशी सुकं गवत घालून पेटी पिंजऱ्यात ठेवा. मादी स्वतःच्या अंगाची लोकर उपटून घरटं करते, आणि खरा धोका तिथेच आहे. लांब तंतू पिल्लांच्या पायांना, मानेला गुंडाळतात. पिल्लू वळवळलं की फास आवळत जातो. म्हणून मादी व्याली की ती लोकर काढा, कात्रीने बोटाच्या पेराएवढी बारीक कापा आणि तीच परत घाला. ऊब कमी होत नाही. रोज प्रत्येक पिल्लू हातात घेऊन पायांवरून बोट फिरवा, विशेषतः मागच्या. डोळे उघडायला 10-12 दिवस लागतात, तोवर तरी यात खाडा नको.