व्हिडिओ कॉलवरचा तास फसतो कुठे? या चुका टाळा

शाळेत स्मार्ट टीव्ही आला, लोकवर्गणीतून वायफायही लागलं, की दुसऱ्या शाळेशी व्हिडिओ कॉल जोडायची हौस येतेच. कॉल लागतो. दोन्हीकडची पोरं हात हलवतात, "तुमच्या शाळेचं नाव काय?" विचारतात, एक कविता इकडून, एक तिकडून, आणि तास संपतो. फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, खाली अंगठ्यांची रांग लागते. मुलांच्या वहीत मात्र त्या तासाची एक ओळही सापडत नाही.

इथली मूळ चूक अशी, की कॉल ठरतो पण प्रश्न ठरत नाही. समोरच्या शाळेकडे असं काय आहे, जे आपल्या पुस्तकात नाही आणि गूगलवरही धड सापडणार नाही? याचं उत्तर मिळेपर्यंत लिंक पाठवूच नका.

सातारा-सांगलीकरांना हा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. समजा, कोयना धरणाच्या वरच्या अंगाला तापोळ्याकडची एक शाळा आणि खाली कृष्णाकाठी सांगलीवाडीतली एक शाळा. वरची मुलं जुलैत सरळ भिंतींच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून रोज सकाळी पाऊस नोंदवतील. खालची मुलं सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी लिहितील. त्यासाठी नदीवर जायचं नाही, रोजचा आकडा पेपरात येतो. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे तिथल्या पोरांना तोंडपाठ असतं. २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तो पूर घरोघरी आठवतो. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की मग कॉल लावा. कोणीतरी विचारणारच, "तुमच्याकडं दोन दिवस उघडलंय म्हणता, मग आमच्याकडं पाणी चढतंय कसं?" मधे कोयना धरण आहे, त्याची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) घरात आहे, त्यातून विसर्ग सुटतो आणि ते पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून खाली सांगलीला पोचायला वेळ लागतो, हे मग मुलं आपणहून शोधायला लागतात. तुम्ही फक्त नकाशा टांगायचा.

आवाजाकडे दुर्लक्ष

चित्र अडखळलं तर वर्ग सांभाळून घेतो, पण आवाज फाटला की दोन मिनिटांत गोंगाट सुरू होतो. तरी सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागतात आणि आवाज तपासायला कुणालाच सवड नसते.

कानठळ्या बसवणारी शिट्टी आली, तर बहुतेक वेळा एकाच खोलीत दोन फोन त्याच मीटिंगमध्ये असतात. फोटो काढायला म्हणून दुसरे गुरुजीही आत शिरलेले असतात. खोलीत माइक एकच आणि स्पीकरही एकच चालू ठेवा.

आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल, तर आपला फोन बदलत बसू नका. दोष सहसा समोरच्या टोकाला असतो. तिथल्या स्पीकरचा आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरतोय. त्यांना स्पीकर कमी करायला आणि ऐकताना माइक म्यूट ठेवायला सांगा.

तिसरा घोळ ब्लूटूथ स्पीकरचा. तो जोडला की पुष्कळदा फोन त्याचाच माइक वापरायला लागतो. स्पीकर कपाटावर आणि मुलगी फोनसमोर उभी राहून जीव तोडून बोलतेय. पलीकडे ऐकू येतो तो पंखा. वायरचा स्पीकर लावा आणि बोलणाऱ्या मुलाच्या हातात फोन द्या. पत्र्याच्या खोलीत पाऊस वाजत असेल, तर त्या दिवशी कॉल नकोच.

रेंजचं गणित

जावळी-पाटणच्या डोंगरी वाड्यांत रेंज खिडकीतच असते, हे नवीन नाही. तिथे कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर तास चालवायला लाजू नका. नोंदी वाचून दाखवायला चेहरा लागत नाही. व्हिडिओ दाखवायचा असेल, तर पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसण्यापेक्षा दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपवरचा तो भाग आदल्या दिवशी घरून उतरवून ठेवा. आणि मीटिंग ज्या फोनवर चालू आहे, त्यावर 'व्यत्यय नको' (डू नॉट डिस्टर्ब) लावा. नाहीतर ऐन रंगात केंद्रप्रमुखांचा फोन येतो. स्क्रीन टीव्हीवर दिसत असेल तर घरचे मेसेजही अख्खा वर्ग मोठ्यानं वाचतो.

झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते. जोडाजोडीत दहा मिनिटं जातातच, तेव्हा पाहुण्यांचं स्वागत वगैरे कॉलमध्ये नको. प्रशिक्षणाच्या जुन्या पीडीएफमध्ये अजून स्काइपचं नाव दिसतं. ते मे २०२५मध्येच बंद झालं, शोधत बसू नका.

फोटो आणि गृहपाठ

मुलांचे चेहरे, पूर्ण नाव आणि शाळेचं नाव एकाच पोस्टमध्ये टाकायची सवय मोडायला हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी आईबापांना विचारायला काय हरकत आहे? मागून टिपलेला फोटो किंवा नुसता फळ्यावरचा तक्ता अहवालाला पुरतो.

कॉलनंतरचं काम व्हॉट्सॲपवर रात्री टाकणं, हीही एक खोडच. घरात फोन एक, तो बापाबरोबर ऊसतोडीवर किंवा कंपनीत रात्रपाळीला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात तर २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. तेव्हा कॉलनंतरचं काम शाळा सुटायच्या आधीच फळ्यावर लिहून द्या: समोरच्या शाळेनं सांगितलेले तीन आकडे, आणि त्यांना पुढच्या वेळी विचारायचा एक प्रश्न.