हिंदी स्वतःच शिकताय? मराठी माणसाने या चुका टाळा

मुंबईत राहून हिंदी काय शिकायची, ती येतेच की, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि भाजीवाला, रिक्षावाला इथपर्यंत ते खरंही आहे. फजिती होते ती इंटरव्ह्यूला, नाहीतर लखनौ-भोपाळच्या क्लायंटचा फोन आला की. आपल्याला हिंदी जवळची वाटते म्हणून आपण ती शिकतच नाही, मराठी वाक्य घेतो, शब्द बदलतो आणि पुढे जातो, समोरच्याला कळतंही, त्यामुळे कुणी सुधारत नाही. (सक्ती हवी की नको हा वाद इथे काढत नाही, ज्याला स्वतःहून शिकायचीय त्याच्यासाठी लिहितोय.)

पहिली चूक म्हणजे इंग्रजीतून हिंदी शिकवणारं अ‍ॅप घेऊन बसणं. ड्युओलिंगोचा हिंदी कोर्स इंग्रजी येणाऱ्यांसाठी बनवलाय, तिथे सुरुवातीचा बराच वेळ अक्षरं ओळखण्यात जातो आणि आपण पहिलीपासून देवनागरीच वाचतोय. सरळ हिंदी पेपर उघडा, अर्धं तर आधीच कळतं, उरलेलं शोधा.

मग येतो ‘तुम्ही’ आणि ‘तुम’ यांचा घोळ, आणि हा सगळ्यात महागात पडतो. आपलं ‘तुम्ही’ आदराचं, म्हणून आपण बिनधास्त साहेबाला ‘तुम कब आओगे’ विचारतो, हिंदीवाल्याच्या कानाला ते बरोबरीच्याशी किंवा लहानाशी बोलल्यासारखं लागतं. मोठ्यांना, अनोळखी माणसाला आप, आणि नुसतं आप लावून भागत नाही, ‘आप बैठो’ हे आपल्या इथे चालतं पण नीट हिंदी ‘आप बैठिए’. साहेब आलेत म्हणतो ना आपण, तसंच ‘साहब आए हैं’, ‘साहब आया है’ नाही.

आता भूतकाळातलं ‘ने’. यावर जरा थांबू, कारण निम्म्या चुका इथल्याच. मराठीत त्याने पोळी खाल्ली पण मी पोळी खाल्ली, मी-तूला ने लागत नाही, म्हणून तोंडातून येतं ‘मैं रोटी खाया’. हिंदीत मैं, तू, आप, हम सगळ्यांना ने लागतं, ‘मैंने रोटी खाई’. खाई का, तर रोटी बाई, आणि हे आपल्याकडेही तसंच आहे, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, त्यामुळे हा भाग नव्याने शिकायचा नाहीये. युक्ती अशी, की वाक्य मनात ‘तो’वर नेऊन बघायचं. मराठीत ‘त्याने’ येत असेल तर हिंदीत मैंने. त्याने पैसे पाठवले, म्हणून मैंने पैसे भेजे. तो विसरला, म्हणून मैं भूल गया. बहुतेक ठिकाणी जमतं, पण काही क्रियापदं दगा देतात: तो म्हणाला पण ‘उसने कहा’, तो शिकला पण ‘उसने सीखा’, आणि उलट, त्याने आणलं पण ‘वह लाया’. एवढी पाठ करून टाका. ‘मैं बोला’ मात्र चालतं, उगाच सुधारायला जाऊ नका.

‘मेरे को जाने का है’ हे आपल्या ‘मला जायचंय’चं सरळ भाषांतर. लोकलमध्ये ठीक, बाहेर ‘मुझे जाना है’. आणि जायला पाहिजेचं दरवेळी ‘जाना चाहिए’ होत नाही, ते सल्ल्यासारखं वाटतं, गेल्याशिवाय गत्यंतर नसेल तर ‘जाना पड़ेगा’.

लिंगाचं काय करायचं? हिंदीत नपुंसकलिंग नाही, आपलं ‘ते’ बहुतेक वेळा पुल्लिंगात जातं, घर, दूध, पानी, वजन. पण सरसकट ढकलू नका, नाक आणि पुस्तक दोन्ही तिकडे स्त्रीलिंगी. खरा त्रास तोच शब्द दोन्हीकडे असून लिंग फिरतं तिथे. आपला आवाज मोठा, त्यांची आवाज़ ऊँची. आत्मा, विजय, ऋतू, अग्नी आपल्याकडे पुरुष, हिंदीत बायका. आणि आपल्याला मजा आली तर त्यांना मज़ा आया. नियम शोधत बसू नका, शब्द सुटा लिहायचाच नाही, ‘मेरी आवाज़’, ‘ठंडा दूध’ असा जोडीनेच वहीत उतरवायचा.

लिहिताना सर्वात जास्त सापडणारी चूक कि आणि की. मराठीत ‘तो म्हणाला की’ दीर्घ, हिंदीत ‘उसने कहा कि’ ऱ्हस्व, आणि दीर्घ की म्हणजे ची, राम की किताब. तसंच आपण कवी, शक्ती, गुरू लिहितो, ते कवि, शक्ति, गुरु लिहितात, ऑटोकरेक्ट मराठीवर असेल तर हे बिघडवून ठेवतं.

उच्चारात दोनच गोष्टी सांगतो. चोर, चूल, जोर यातला आपला दाताजवळचा च-ज हिंदीत नाहीच, तिथे सगळे च ‘चार’मधल्यासारखे. आणि ‘है’ला हइ म्हणू नका, बॅट-कॅटमधल्या अ‍ॅच्या जवळ जा.

ऐकायला नुसत्या सिरियली नकोत. 1957 पासूनची विविध भारती लावा, निवेदक सावकाश आणि स्वच्छ बोलतात. आणि लोकलमध्ये रोज फुकट सराव आहेच, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी घोषणा होते, तर मराठी ऐकली की हिंदी लागायच्या आत मनात वाक्य तयार करायचं आणि मग ताडून बघायचं. ‘पुढील स्टेशन’ला तुम्ही ‘आगे का स्टेशन’ म्हणाल, स्पीकर ‘अगला स्टेशन’ म्हणेल. गाडी उशिरा असेल तर प्लॅटफॉर्मवर गैरसोय आणि असुविधा दोन्ही ऐकायला मिळतात, तेवढाच फायदा.

आकडे घाबरवतात पण एकोणचं काम सोपंय, एकोण तिथे उन, एकोणतीस उनतीस, एकोणसाठ उनसठ, एकोणसत्तर उनहत्तर. अपवाद फक्त 89, तो नवासी. फोनवर रक्कम सांगताना उन्यासी (79) आणि नवासी गडबडतातच, सरळ ‘आठ नौ’ असे सुटे आकडे पण सांगून टाका.