वेब-सर्व्हरवरच्या प्रॉक्सी फाइली मीडिया कॅटलॉगमध्ये कशा चालवाव्यात

एखाद्या माहितीपटाचे ६० तासांचे चित्रीकरण पुण्यातल्या कार्यालयातील डिस्कवर आहे आणि ते पाहून नोंदी करणारी व्यक्ती सोलापुरात आपल्या घरी बसली आहे, ही व्यवस्था आता नवलाची राहिलेली नाही. ५० मेगाबिट प्रतिसेकंद दराने केलेले एक तासाचे चित्रीकरण सुमारे २२.५ जीबी जागा घेते. त्या हिशेबाने ६० तासांचे १,३५० जीबी होतात आणि २० मेगाबिटच्या अपलोडवर ते चढवायचे म्हटले तर अखंड सव्वासहा दिवस लागतात. त्याच चित्रीकरणाच्या दीड मेगाबिटच्या हलक्या प्रती, म्हणजेच प्रॉक्सी, आवाजासकट ४४ जीबीच्या आसपास भरतात व साधारण पाच तासांत चढतात. त्या एखाद्या वेब-सर्व्हरवर ठेवून मीडिया अ‍ॅसेट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘मॅम’मधून, थेट कशा चालवाव्यात याची ही कृती आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. प्रॉक्सी नुसती पाहण्यासाठी नसते. तिच्यावर लावलेली प्रत्येक खूण उद्या संकलकाकडे मूळ फाइलीवर लागू व्हायची असते. त्यामुळे चित्र थोडे धूसर असले तरी चालते, पण प्रॉक्सीतील फ्रेम आणि मूळ फाइलीतील फ्रेम यांत एकाचाही फरक चालत नाही. पुढचे बहुतेक निर्णय या एका अटीवरून ठरतात.

प्रॉक्सी तयार करताना एमपी४ फाइल, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज हा मेळ धरावा, कारण तो सगळ्या ब्राउझरांना चालतो. आकार १२८० बाय ७२० किंवा ९६० बाय ५४० पुरेसा होतो. रंगांची मांडणी, म्हणजे रंगाचा तपशील किती बारकाईने साठवायचा ती पद्धत, ४:२:० असावी, कारण मूळ फाइलीची ४:२:२ मांडणी तशीच पुढे नेली तर बऱ्याच ब्राउझरांत नुसता आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळी चौकट राहते. फ्रेमदर मूळचाच ठेवावा. चित्रीकरण इंटरलेस्ड, म्हणजे ५०आय असेल (यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागलेली असते), तर ती अर्धी चित्रे जोडून डीइंटरलेस करताना २५ फ्रेमच निघतील याकडे लक्ष द्यावे. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘याडिफ’ हा फिल्टर आपणहून २५ देतो, मात्र ‘बीडब्ल्यूडिफ’ला वेगळे सांगितले नाही तर तो प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून ५० देतो आणि फ्रेमांचा हिशेब तिथेच फिस्कटतो. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमदर मुळातच कमीजास्त होत असतो, म्हणून अशा फाइली आधी स्थिर दरात रूपांतरित कराव्यात, ती प्रत ‘मूळ’ म्हणून मॅमच्या कॅटलॉगमध्ये नोंदवावी आणि प्रॉक्सी तिच्यावरूनच काढावी.

मूळ फाइलीचा आरंभीचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा आकडा, प्रॉक्सीत उतरला आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. कॅमेऱ्यातली क्लिप १४:२२:०५:१० ला सुरू होते आणि प्रॉक्सी शून्यापासून, असे झाले तर नोंदी करणाऱ्याचे दिवसभराचे काम वाया जाऊ शकते. आवाजाचेही असेच आहे. मूळ फाइलीत चार किंवा आठ स्वतंत्र मोनो ट्रॅक असतात आणि ब्राउझर सहसा त्यांतला पहिलाच ऐकवतो. मुलाखत देणाऱ्याच्या कपड्यावर लावलेला लेपल माइक दुसऱ्या ट्रॅकवर असेल, तर सोलापुरात बसलेल्या माणसाला फक्त खोलीतला पंखा ऐकू येईल. म्हणून डावीकडे लेपल आणि उजवीकडे दांडीवरचा बूम माइक, अशी स्टिरिओ जोडणी प्रॉक्सी काढतानाच करून टाकावी.

आता स्ट्रीमिंगचा खरा प्रश्न. एमपी४ फाइलीत ‘मूव’ नावाचा एक भाग असतो, ज्यात कोणती फ्रेम फाइलीत नेमकी कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. फाइल पूर्ण लिहून झाल्याशिवाय ही अनुक्रमणिका तयार होत नसल्याने ती साहजिकच शेवटी लिहिली जाते आणि चित्र सुरू करण्याआधी प्लेअरला आधी फाइलीचे शेपूट शोधत जावे लागते. एफएफएमपेगला ‘फास्टस्टार्ट’ची सूचना दिली की तो शेवटी ही अनुक्रमणिका उचलून पुढे आणून ठेवतो. आधी काढलेल्या प्रॉक्सी असतील तर त्या पुन्हा एन्कोड करण्याची गरज नाही. प्रवाह जसेच्या तसे कॉपी करून केवळ हा बदल करता येतो आणि त्याला काही सेकंदच लागतात. त्याचबरोबर कीफ्रेम, म्हणजे इतर फ्रेमांवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम, दर सेकंदाला एक, म्हणजे २५ फ्रेममागे एक, अशी ठेवावी. फाइल किंचित जड होते, पण पट्टी मागेपुढे सरकवताना चित्र अडखळत नाही, आणि लॉगिंग, म्हणजे नोंदी, करणारा माणूस दिवसभर दुसरे काय करत असतो?

सर्व्हरकडून एकच गुण अपेक्षित आहे: फाइलीचा मागितलेला तुकडा तेवढाच देता येणे. प्लेअर ४० व्या मिनिटावर उडी मारतो तेव्हा तो ‘इथपासून इथपर्यंतचे बाइट द्या’ अशी मागणी करतो, आणि सर्व्हरने त्याला २०६ या क्रमांकाचे उत्तर द्यावे लागते. एन्जिनएक्स हे वेब-सर्व्हरचे सॉफ्टवेअर स्थिर फाइलींसाठी हे आपणहून करतो. तपासण्यासाठी ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडावा, क्लिप चालवावी आणि पट्टी मध्यावर ओढावी. २०६ दिसले तर सर्व्हर ठीक आहे. २०० दिसत असेल, तर मधला एखादा प्रॉक्सी-सर्व्हर (आपल्या प्रॉक्सी फाइलींशी संबंध नसलेला, मागण्या पुढे पोचवणारा सर्व्हर) किंवा कोणी लिहिलेली स्क्रिप्ट पूर्ण फाइल पाठवत आहे, आणि सफारी तर अशा सर्व्हरवरची फाइल चालवायलाच नकार देतो. फाइलीचा प्रकार ‘व्हिडिओ/एमपी४’ असा जात आहे ना, हेही तिथेच पाहून घ्यावे. कॅटलॉग एचटीटीपीएसवर असेल तर प्रॉक्सीही एचटीटीपीएसवरच हवी.

यानंतर मॅमला दोन्ही फाइलींचे नाते सांगायचे असते. कॅटडीव्ही या मॅममध्ये याला मीडिया स्टोअर म्हणतात आणि इतर सॉफ्टवेअरांत नाव वेगळे असले तरी कल्पना तीच असते: मूळ फाइलींच्या फोल्डराचा पाथ एकीकडे, प्रॉक्सींच्या फोल्डराचा पत्ता दुसरीकडे. या दोहोंच्या पुढची फोल्डररचना व नावे तंतोतंत सारखी ठेवली, की एका नियमात सगळ्या क्लिपा जुळतात. प्रत्येक क्लिपला हाताने पत्ता चिकटवण्याच्या फंदात पडू नये, कारण सर्व्हर बदलला की ते सगळे पुन्हा करावे लागते.

नावांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला एक खास खड्डा आहे आणि मी त्यात अर्धा दिवस पडून होतो. आमच्या एका कामात शंभरेक क्लिपा छान चालत होत्या आणि ‘शेतकऱ्यांची_सभा’, ‘वाऱ्याचे_शॉट’ अशा मोजक्याच क्लिपांवर ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, असे येत होते. फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसत होती, तरी सर्व्हर ती नाही म्हणत होता. कारण होते ‘ऱ’. युनिकोडमध्ये हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कने नाव साठवताना ‘ऱ’ फोडून ठेवला होता आणि कॅटलॉगमध्ये टाइप केलेले नाव अखंड होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. सर्व्हर मात्र बाइट पाहतो. शिवाय पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरे होतात, त्यामुळे एकट्या ‘शेतकऱ्यांची’ या शब्दाचीच ९९ भरतात. तेव्हापासून आम्ही फाइलीला फक्त तारीख, कॅमेरा आणि क्रमांक रोमन लिपीत देतो, आणि मराठी नाव कॅटलॉगमधल्या शीर्षकाच्या रकान्यात लिहितो, जिथे ते शोधताही येते.

सुरक्षेसाठी मुदतीचे, सही केलेले दुवे वापरावेत. मुदत मात्र कामाच्या पाळीएवढी तरी असावी, कारण एका तासाचा दुवा दिला आणि माणूस जेवून परत आला, तर पट्टी हलवताच चित्र थांबते आणि तो इंटरनेटला दोष देत बसतो. मॅम ब्राउझरमध्ये चालत्या चित्रातून लघुचित्र काढत असेल तर कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला ही फाइल वाचू देण्याची, परवानगीही सर्व्हरवर द्यावी लागते. नुसते चित्र पाहण्यास ती लागत नाही, म्हणून ही चूक उशिरा कळते. एचएलएस, म्हणजे तुकड्यांचे स्ट्रीमिंग, ज्यांचे नेट फारच कमीजास्त होते त्यांच्यासाठी चांगले. लॉगिंगसाठी मी तरी एकसंध एमपी४च ठेवतो.

सगळ्या क्लिपा चढवण्याआधी एकाच लांब क्लिपवर चाचणी घ्यावी. चित्रावर टाइमकोड छापलेली एक प्रॉक्सी काढून ती मॅममध्ये चालवावी आणि आरंभी, मध्यावर व अखेरीस थांबून चित्रावरचा आकडा मॅमच्या आकड्याशी ताडून पाहावा. मग क्लॅपची पाटी मिटते त्या फ्रेमवर खूण लावावी, नोंद संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये निर्यात करावी आणि मूळ फाइलीवर ती उघडावी. पाटी त्याच फ्रेमवर मिटत असेल, तर उरलेल्या प्रॉक्सी रात्री अपलोडला लावून घरी जायला हरकत नाही.